‘आक्रमक’ या शेऱ्यावर अपील कुठे करायचे?

प्रति,
मा. आयुक्त,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

विषय : कुत्र्याला ‘आक्रमक’ ठरवण्याची पद्धत आणि त्यावरील अपील

महोदय,



मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. भाडेकरूंचे दावे, शेताच्या हद्दी, न वटलेले धनादेश हे माझे रोजचे काम. अलीकडे माझ्या टेबलासमोर एक नवा पक्षकार येऊन बसतो. त्याच्या गल्लीतला, सोसायटीतला, क्वचित घरातला कुत्रा महापालिकेने ‘आक्रमक’ ठरवलेला असतो. तो विचारतो, ‘वकीलसाहेब, याच्यावर अपील कुठे करायचं?’ मी आधी आदेशाची प्रत मागतो. प्रत नसते. चौकशी केली की कळते, आदेशच निघालेला नाही. रजिस्टरमध्ये एक शेरा आहे. शेऱ्यावर अपील कसे करायचे हे मला कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर हे पत्र इथूनच ‘श्वानप्रेमींचे अर्ज’ या फायलीत जाईल. मी कुत्रा पाळलेला नाही. रात्री दुचाकीवरून परतताना कोपऱ्यावरची टोळी अंगावर आली की माझेही पाय आपोआप वर जातात. चावा बसलेल्या माणसाचे दुखणे खरे असते आणि त्याच्या घरच्यांची भीती त्याहून मोठी असते, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच लस सुरू करायची, त्यासाठी कुठल्याही सुनावणीची वाट पाहायची नसते. माझे म्हणणे त्यानंतर कुत्र्याचे जे होते त्याबद्दल आहे, आणि ते चावा बसलेल्या माणसाच्याही हिताचे आहे असे मला वाटते.

हा विषय आताच का निघाला, ते आपल्याला ठाऊक आहे. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचला आणि परत सोडू नका असा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. सोडायचा नाही तो रेबीज झालेला, रेबीजचा संशय असलेला किंवा आक्रमक वर्तन दाखवणारा. प्रकरणाची व्याप्ती साऱ्या राज्यांपर्यंत नेली. पुढे 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री पुन्हा तिथे सोडायला मनाई केली. तिथे जागा हाच निकष आहे, त्यामुळे वादाला फारशी जागा नाही. गल्लीतल्या कुत्र्याच्या बाबतीत निकष आहे त्याचे वागणे, आणि वागण्याबद्दल काही ठरवायचे तर पुरावा लागतो. आक्रमक कोणाला म्हणायचे, ते कोणी ठरवायचे, किती दिवसांत ठरवायचे, याची व्याख्या 22 ऑगस्टच्या आदेशात नाही. म्हणजे ती आपल्यावर सोपवलेली आहे. आणि आपण ती, माफ करा, डॉग व्हॅनच्या मुकादमावर सोपवली आहे.

पहिली तक्रार रेबीज आणि आक्रमकपणा यांची खिचडी करण्याबद्दल आहे. रेबीज हा रोग आहे, त्याचा निकाल काळ लावतो. रेबीज झालेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. चावल्यानंतर दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरतात. म्हणूनच चावलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवून दहा दिवस निरीक्षण करायचे ही चौकट आहे. 10 मार्च 2023 रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ती आहे. पालिकेने नेमलेला पशुवैद्य आणि प्राणी कल्याण संस्थेचा प्रतिनिधी अशा दोघांनी कुत्र्याची तपासणी करायची. रेबीज नाही, पण दुसरा आजार आहे किंवा कुत्रा तापट आहे असे आढळले तर तो संस्थेकडे द्यायचा आणि संस्थेने त्याला सुधारायचे, हेही त्याच चौकटीत लिहिलेले आहे. प्रत्यक्षात काय होते? दहा दिवसांचे निरीक्षणपत्र मी मागतो तेव्हा ‘कुत्रा जिवंत आहे’ एवढे तोंडी कळते. हे पत्र खरे तर आधी चावा बसलेल्या माणसाला मिळायला हवे. कुत्रा अकराव्या दिवशी ठणठणीत आहे हे लेखी कळले तर त्याच्या डॉक्टरला पुढचे डोस ठरवता येतील आणि घरचे रात्री झोपतील. ते त्यालाही मिळत नाही.

आता दुसरी तक्रार. तिथे जरा थांबतो, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच बिघडतात. एका सोसायटीतली एक काळी मादी, वाहनतळाच्या कोपऱ्यात व्यालेली. एक मुलगा पिल्लू उचलायला गेला आणि ती त्याच्या मनगटाला चावली. जखम झाली, मुलाला इंजेक्शने घ्यावी लागली, आईबापांच्या जिवाचे पाणी झाले. सोसायटीने तक्रार दिली, त्यावर कुत्र्याला कधी न पाहिलेल्या भाडेकरूंच्याही सह्या होत्या. गाडी आली, मादी गेली, पिल्ले राहिली. रजिस्टरमध्ये ‘आक्रमक, सोडू नये’ असा शेरा पडला. मी विचारले, हिची नसबंदी झाली होती का? कानाला खाच नव्हती, म्हणजे नव्हती. आयुक्तसाहेब, तिची नसबंदी करणे हे आपल्या खात्याचे काम होते. ते झाले असते तर पिल्ले नसती, आणि पिल्ले नसती तर मुलगा तिकडे गेलाच नसता. खात्याच्या राहून गेलेल्या कामाचा दंड त्या मादीने जन्मभर पिंजऱ्यात भरायचा, आणि तिला रोज भाकरी घालणाऱ्या वॉचमनला कोणी ‘काय झालं होतं?’ असे एकदाही विचारायचे नाही.

पिल्लांपाशी चावणारी मादी, खरकट्यावरून गुरगुरणारा कुत्रा, गाडीमागे धावणारा, माजाच्या दिवसांत टोळीत पिसाळल्यासारखा वागणारा, शेपटीवर पाय पडला म्हणून तोंड टाकणारा, आणि काहीएक कारण नसताना चालत्या माणसाचा लचका तोडणारा : या सगळ्यांना एकच शेरा कसा लागू पडतो? अनुभवी पशुवैद्याला हे फरक दिसतात. चाव्याची तीव्रता मोजण्याची सहा पायऱ्यांची पट्टी ब्रिटिश पशुवैद्य इयान डनबार यांनी केव्हाच तयार केली आहे; नुसते अंगावर जाणे ही तिची पहिली पायरी आणि माणूस दगावणे ही शेवटची. आपल्याकडे रुग्णालयाच्या कागदावरही जखमेची श्रेणी लिहिलेली असते. तो कागद मागवून फायलीला लावण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

आणि ओळखीचे काय? ‘तांबडा कुत्रा, शेपूट वर’ या वर्णनावर गाडी येते आणि समोर पहिला सापडेल तो तांबडा कुत्रा नेते. चावलेला कुत्रा तोवर गटारापलीकडच्या गल्लीत सावलीला बसलेला असतो. माझ्या फौजदारी पक्षकारांना निदान ओळख परेड तरी मिळते. यात हसण्यासारखे वाटेल, पण परिणाम गंभीर आहे : चुकीचा कुत्रा कोंडला गेला की खरा चावरा त्याच रस्त्यावर राहतो, आणि ज्याचे दहा दिवस निरीक्षण व्हायला हवे होते त्याचे होतच नाही.

तिसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे. कारण न लिहिलेला आदेश म्हणजे आदेश नव्हे. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले आहे की आदेशाचे समर्थन त्यात लिहिलेल्या कारणांवरच करायचे, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडायची नाहीत. मुंबईपुरते बोलायचे तर फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निकाल महापालिकेच्या विधी खात्यात सर्वांना पाठ असेल. अतिक्रमण विनानोटीस हटवण्याची मुभा देणारे कलम 314 न्यायालयाने रद्द केले नाही, पण मुभा आहे म्हणून ती सरसकट वापरायची नाही, ऐकून घेणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असे बजावले. फुटपाथवरच्या माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करण्याचा प्रमाद मी करणार नाही. मी बोलतो आहे ते अधिकार वापरण्याच्या रीतीबद्दल, आणि ती रीत समोर कोण आहे यावर बदलू नये.

यावर आपले अधिकारी म्हणतात, रस्त्यावरच्या कुत्र्याला मालक नसतो, मग ऐकायचे कोणाचे? याचे उत्तर 2023 च्या नियमांतच आहे. त्या नियमांनी अशा कुत्र्यांना वस्तीतले प्राणी मानले आणि त्यांना खाऊ घालणाऱ्यांना मान्यता दिली. ऐकायचे त्यांचे, आणि तेवढ्याच लक्षपूर्वक तक्रारदाराचेही. तक्रारदाराला समोर बसवून दोन प्रश्न विचारले तर तक्रारी खऱ्या किती आणि पार्किंगच्या भांडणातून आलेल्या किती ते आपोआप कळेल.

चौथी तक्रार अपिलाची. मालमत्ता कराची आकारणी पटली नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशाकडे जाता येते. नळजोडणीला उशीर झाला तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. कुत्र्यांना खाऊ कुठे घालायचा यावरून सोसायटीत भांडण झाले तर 2023 च्या नियमांनी समिती दिली आहे आणि समितीच्या निर्णयावर राज्य मंडळाकडे जाण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे भाकरीच्या जागेवर अपील आहे, पण ती खाणाऱ्याला कायमचे कोंडण्यावर नाही. उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर. रिटचा खर्च ऐकून वॉचमन उठून जातो. त्याला दोष कसा द्यायचा?

इतरांनी काय केले तेही पाहा. उत्तर प्रदेश सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये आदेश काढला. विनाकारण चावलेल्या कुत्र्याला पहिल्या वेळी दहा दिवस ठेवायचे, चिप बसवायची आणि सोडायचे. पुन्हा विनाकारण चावला तर कायमचे ठेवायचे, कोणी रीतसर दत्तक घेतला तर गोष्ट वेगळी. ‘विनाकारण’ होते की नाही हे तिघांची समिती ठरवणार आणि दगड मारल्यावर चावणे विनाकारण धरायचे नाही. त्या आदेशाची बरीच टर उडवली गेली, ‘कुत्र्याला जन्मठेप’ असे मथळे आले. मला त्यात काही खटकते, पण कारण विचारायचे आणि ते एकट्याने ठरवायचे नाही, या दोन गोष्टी तिथे कागदावर आल्या. महाराष्ट्राने मागे राहावे असे त्यात काय आहे?

कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात तर कुत्र्याला ‘संभाव्य धोकादायक’ ठरवण्याआधी मालकाला नोटीस आणि सुनावणी आहे, निर्णय पटला नाही तर न्यायालयात पाच दिवसांत अपील आहे. घुसखोराला किंवा छळणाऱ्याला चावला म्हणून कुत्र्यावर शिक्का मारता येत नाही. शिवाय 36 महिने पुन्हा तसे काही घडले नाही तर कुत्र्याचे नाव यादीतून निघते. हे शेवटचे मला फार शहाणपणाचे वाटते. आपल्या शेऱ्याला मुदत नाही. नसबंदी होऊन वर्ष उलटलेला, पिंजऱ्याशी कोणी आले तर शेपूट हलवणारा कुत्राही रजिस्टरच्या लेखी आक्रमकच राहतो, कारण तो शेरा पुन्हा तपासण्याची तारीखच कोणी लिहिलेली नाही. आणि तोवर त्याच्या भाकरीचा खर्च पालिका करते, पिंजरा अडतो तो वेगळाच.

अपील ठेवले की सगळी कुत्री सुटतील, ही भीतीही अनाठायी आहे. बेलफास्ट नगरपालिकेने 2010 मध्ये ‘लेनॉक्स’ नावाचा कुत्रा नुसत्या दिसण्यावरून बंदी असलेल्या पिटबुल वळणाचा ठरवून ताब्यात घेतला. तो कोणाला चावलेला नव्हता. मालकीण थेट अपील न्यायालयापर्यंत गेली, हरली, आणि जुलै 2012 मध्ये कुत्र्याला मारण्यात आले. मला तो निकाल पटत नाही. पण तो का लागला हे आजही वाचता येते आणि त्याच्याशी वाद घालता येतो. आपल्या रजिस्टरमधल्या शेऱ्याशी वाद घालायला काही हातीच लागत नाही.

पाळीव कुत्र्यांबद्दल थोडक्यात. 12 मार्च 2024 रोजी केंद्राने 23 जातींवर बंदीची शिफारस करणारे परिपत्रक राज्यांना पाठवले. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तरीही त्या परिपत्रकाची झेरॉक्स सोसायट्यांच्या सूचनाफलकावर अजून दिसते आणि परवान्याच्या खिडकीवर अजून दाखवली जाते. जातीवरून धोका ठरवणे सोपे, म्हणून ते आवडते. खरा धोका मात्र बाल्कनीत दिवसभर साखळीला बांधून ठेवलेल्या, कोणी कधी फिरवायला न नेलेल्या कुत्र्यात तयार होतो, मग तो रॉटवायलर असो की लॅब्रेडोर. अशा कुत्र्याने कोणाला फाडले तर मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा नोंदवता येतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे मात्र आपली यंत्रणा फार नरम असते. मालकाला मत असते, फ्लॅट असतो, ओळख असते.

तर माझ्या मागण्या. कुत्र्याला आक्रमक ठरवण्याचा निर्णय पशुवैद्य आणि संस्थेचा प्रतिनिधी या दोघांच्या सहीनेच व्हावा, गाडीवरच्या माणसाने शेरा मारू नये. त्यासाठी एका पानाचा नमुना असावा : घटना कुठे व केव्हा घडली, त्याआधी काय झाले, कुत्रा कशावरून ओळखला, त्याचा फोटो, कानाची खाच आहे का, पिल्ले होती का, रुग्णालयाने जखमेची कोणती श्रेणी लिहिली, दहा दिवसांत तो कसा वागला. निर्णयाआधी तक्रारदाराला आणि कुत्र्याला सांभाळणाऱ्याला बोलवावे; अंगावर धावून जाणारा कुत्रा तोवर निरीक्षणातच राहील, त्यामुळे रस्त्यावर कोणाला धोका नाही. निर्णयाची प्रत दोघांनाही मिळावी, आणि निरीक्षणाचा निष्कर्ष चावा बसलेल्याला अकराव्या दिवशी न मागता मिळावा. त्या निर्णयावर पंधरा दिवसांत अपील करता यावे. ते ऐकायला नवे न्यायालय उभारायला नको. प्राणी जन्म नियंत्रणाच्या ज्या स्थानिक संनियंत्रण समितीचे आपण अध्यक्ष आहात, ती पुरेशी आहे. मूळ निर्णयावर सही करणाऱ्याने मात्र त्या बैठकीत बसू नये. आणि दर सहा महिन्यांनी कोंडलेल्या प्रत्येक कुत्र्याची पुन्हा तपासणी व्हावी.

यातले काहीही करायला नवा कायदा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरते. ते लवकरात लवकर काढावे ही विनंती. आणि ते निघेपर्यंत, आपल्या रजिस्टरमध्ये आज जिथे जिथे ‘आक्रमक’ असे लिहिले आहे, तिथे ते कोणी लिहिले, कोणत्या तारखेला लिहिले आणि कशावरून लिहिले, एवढे तरी भरून घ्यावे.

कळावे.

आपला विश्वासू,
जिल्हा न्यायालयातील एक वकील